आकुर्डीच्या इंजिनाचा ‘दम’

मोटारउद्योगाच्या इतिहासात नवे यंत्र केव्हा आले याची नोंद आवर्जून केली जाते; परंतु जुन्याच यंत्राच्या अंगी अधिक बळ कसे आणले गेले, याचा वृत्तांत सहसा लिहिला जात नाही. पुण्याजवळील आकुर्डी येथे घडलेले चार सिलिंडरांच्या एका डिझेल इंजिनाचे स्थित्यंतर या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीतील ‘टेम्पो’ कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही संस्था स्थापन केली. मुंबईत आरंभ झालेला हा उद्योग पुढे आकुर्डीस स्थिरावला, आणि त्याच्या वाहनाचे विशेषनाम मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले. आज कोणत्याही कारखान्याची लहान मालगाडी ‘टेम्पो’च म्हटली जाते. संस्थेचे स्वतःचे नाव मात्र २००५ साली बदलून फोर्स मोटर्स असे झाले.

१९८० नंतरच्या दशकात या संस्थेने दैम्लर-बेंझ कंपनीचे ‘ओएम ६१६’ हे इंजिन स्वीकारले. ते तेव्हाही नवे नव्हते. १९७३ साली मर्सिडीझच्या ‘२४० डी’ गाडीत ते प्रथम बसविले गेले. त्याचे आयतन २४०४ घन सेंटिमीटर. मिनिटाला ४२०० फेऱ्यांच्या वेगास ते ६५ अश्वशक्ती देई, आणि त्याचा कमाल पीळ १३७ न्यूटन-मीटर होता. या इंजिनात इंधन थेट सिलिंडरात न फवारता लगतच्या लहान पूर्वकक्षात फवारले जाई. तेथे पेटलेला वायू अरुंद छिद्रांतून मुख्य सिलिंडरात शिरे. त्यामुळे ज्वलनाचा धक्का सौम्य होई. पण कक्षाच्या भिंतींवाटे उष्णतेचा मोठा अंश वाया जाई.

अशा इंजिनाची शक्ती वाढवावी कशी? गॅरेजमधील सोपा मार्ग म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढविणे. परंतु डिझेल इंजिनाची खरी मर्यादा इंधन ही नसून हवा ही होय. आत घेतलेल्या हवेला जेवढे जाळता येईल त्याहून अधिक इंधन दिल्यास शक्ती नाममात्र वाढते. उरलेल्या इंधनाचा काळा धूर होतो आणि पिस्टन अकारण तापतात. फेऱ्या वाढविण्याचा दुसरा मार्गही येथे निरुपयोगी. जड दट्ट्यांवरील ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि घाट चढणाऱ्या भरल्या गाडीस वेगापेक्षा पिळाची गरज अधिक असते.

आकुर्डीच्या वाहनांत म्हणून तिसरा मार्ग अवलंबिलेला दिसतो. या घराण्याच्या इंजिनाचे आयतन २५९६ घन सेंटिमीटर झाले, म्हणजे सुमारे आठ टक्क्यांनी वाढले. निकास-वायूच्या जोरावर फिरणारा टर्बोचार्जर जोडून हवा दाबून भरण्यात आली. २०१३ साली बाजारात आलेल्या ‘गुरखा’ गाडीत शक्ती ८० अश्वशक्तीच्या आसपासच होती. परंतु पीळ २३० न्यूटन-मीटर झाला, आणि तोही पूर्वीपेक्षा कमी फेऱ्यांना. शक्तीचा आकडा पिळाच्या मानाने बेताचाच वाढला असताना गाडीची चढण्याची क्षमता पालटली, हा मुद्दा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे.

पुढील पाऊल उचलण्यास कायद्याची निकडही कारण झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषणमान लागू झाले. कॉमन रेल पद्धतीत उच्च दाबाचे इंधन विद्युत्-नियंत्रणाने, अचूक क्षणी थेट सिलिंडरात फवारले जाते. पूर्वकक्षाचे प्रयोजन त्यामुळे उरत नाही. २०२१ च्या गुरखाचे इंजिन ९१ अश्वशक्तीचे होते. २०२४ साली त्याच आयतनातून ३२०० फेऱ्यांना १४० अश्वशक्ती व ३२० न्यूटन-मीटर पीळ मिळाला. १९७३ साली दर लिटरमागे २७ अश्वशक्ती मिळत होती. ती आता ५४ झाली, आणि फेऱ्या मात्र एक हजाराने घटल्या.

यावर असा आक्षेप संभवतो की पूर्वकक्ष गेला, हवा भरण्याची व इंधन फवारण्याची रीत बदलली, तर हे जुने इंजिन राहिले कोठे? आक्षेप रास्त आहे. परंतु परंपरा सुट्या भागांत नसते. ती आकृतिबंधात आणि तो सांभाळणाऱ्या कारागिरीत असते. २०१६ साली याच संस्थेने चाकण येथे मर्सिडीझ-बेंझ गाड्यांसाठी इंजिने जुळविण्याचा स्वतंत्र कारखाना उभारला. अनेक दशके एकाच घराण्याची इंजिने हाताळल्याने आलेला अनुभव तिच्या गाठी होता, हे विसरता येत नाही.

मराठी मेकॅनिक इंजिनाच्या शक्तीला ‘दम’ म्हणतो. दम म्हणजे श्वास, आणि दम म्हणजे बळही. या इंजिनाच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ वेगळे करता येत नाहीत: त्याचा श्वास वाढला, तेव्हाच त्याचे बळ वाढले.