हाताला परत मिळालेला स्पर्श

छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहणारा माझा अकरावीतला भाचा संगणकावर मोटार-शर्यत खेळतो. त्याच्या स्टिअरिंगला मोटर आहे. गाडी वळली की चाक हाताला ओढ देते. एकदा त्याने तक्रार केली, "मामा, जोर शंभर टक्के ठेवलाय, तरी गाडी घसरणार हे आधी कळतच नाही." या तक्रारीचा माग काढत गेलो, तर आपण थेट अणुविज्ञानाच्या इतिहासात पोचतो.

किरणोत्सारी पदार्थ हाताने हाताळता येत नाहीत. अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस जाड भिंतीपलीकडे काम करणारे यांत्रिक हात बनवले. अलीकडे मूठ हलवली की पलीकडचा चिमटा तसाच हले. दोन्ही टोके तारा-पट्ट्यांनी जोडलेली असल्यामुळे चिमट्याला झालेला विरोध मुठीलाही जाणवे. आपल्याकडे ट्रॉम्बे येथे १९५६ मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी आणि १९६४ मध्ये प्लुटोनियम संयंत्र सुरू झाले. तिथल्या बंदिस्त कक्षांतही अशाच हातांनी काम करावे लागले. काचेची बाटली किती घट्ट धरायची, हे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते!

अंतर वाढले तशा तारा अपुऱ्या पडल्या. विजेच्या संदेशाने हालचाल पाठवता येत होती, पण स्पर्श हरवत होता. १९५४ मध्ये गर्ट्झ यांनी मुठीकडेही मोटर बसवून तो परत आणला. बल-प्रतिसादाची ही कल्पना १९८९ मध्ये अटारीच्या 'हार्ड ड्रायव्हिन' या खेळाच्या स्टिअरिंगमध्ये दिसली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरोघरच्या संगणकांपर्यंत पोचली. फरक एवढाच, की इथे पलीकडे खरी वस्तू नसते. रस्त्याचे बल संगणक गणिताने काढतो.

हे बल येते कुठून? वर्गात एक सायकल आणा. फक्त सीट धरून ती पुढे ढकला. हँडल बरेचसे सरळ राहते. आता मागे ओढा. हँडल गर्रकन फिरते. पुढच्या चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू हँडलच्या अक्षाच्या थोडा मागे असतो, म्हणून पुढे जाताना चाक आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारीत टायरच्या लवचिकपणाचीही यात भर पडते. मात्र टायरची पकड सुटत आली की हे सरळ करणारे आघूर्ण, घसरण सुरू होण्याआधीच, कमी होऊ लागते. स्टिअरिंग हलके लागते. चालकाला मिळणारी सूचना ती हीच.

आता भाच्याची अडचण पाहू. समजा, गणिताने आलेले आघूर्ण ८ न्यूटन-मीटरवरून ५ वर उतरले. मोटरची कमाल क्षमता २.५ आहे. पूर्ण जोर मागितला तर ती ८ लाही २.५ देते आणि ५ लाही २.५! सूचना तिथेच बुजते. तेच बल ०.३ पट केले, तर हाताला २.४ आणि मग १.५ जाणवते. ओढ कमी, पण फरक कळतो.

भाच्याने जोर उतरवला. "चाक मऊ झालं," अशी कुरकुर त्याने केली खरी. पण दोन दिवसांनी गाडी वळणावर सुटण्याआधीच सावरू लागला.

आपल्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅमीटरचा काटा शेवटच्या रेघेला टेकून बसला, तर त्यावरून प्रवाह किती आहे ते सांगता येईल का? विद्यार्थ्यांना जरूर विचारा.