तंबाखूतलं निकोटिन : अर्क फवारताना आणि घरात पुडी ठेवताना हे माहीत हवं

तंबाखूचा अर्क काढून पिकावर मारणारे शेतकरी आजही बरेच आहेत. नैसर्गिक शेतीवाल्यांच्या अग्निअस्त्रातही तंबाखू पडते. 'घरचं औषध आहे, याने काय होतंय' म्हणून ना हातमोजे, ना तोंडाला फडकं. पण ज्या द्रव्याने मावा मरतो, ते माणसाच्या कातडीतूनही आत शिरतं. त्याचं नाव निकोटिन.

निकोटिन तंबाखूच्या मुळांत तयार होतं आणि पानांत जाऊन साठतं. किडीने पान खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. वांगी, टोमॅटो, बटाटा ही त्याच कुळातली झाडं. त्यांच्यातही ते असतं, पण इतकं नगण्य की भाजी खाणाऱ्याने काळजी करायचं कारण नाही. १८२८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी ते तंबाखूतून शुद्ध रूपात वेगळं काढलं. शुद्ध निकोटिन तेलासारखं पातळ असतं आणि हवा लागली की तपकिरी होतं.

आपल्या नसा एकमेकींना निरोप देतात त्यासाठी शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं. निकोटिन त्याच्याच जागेवर जाऊन बसतं. थोडं असेल तर तरतरी येते, छातीचे ठोके वाढतात. जास्त झालं की नसा आधी भडकतात आणि मग थकून बंद पडतात. दुकानात मिळणारं इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं याच जागेवर काम करतात. फरक एवढाच की ती किडीच्या नसांना घट्ट चिकटतात, माणसाच्या नसांना कमी. साध्या निकोटिनला हा भेद कळत नाही. निकोटिन सल्फेट नावाचं कीटकनाशक आपल्या देशात वापरायला बंदी आहे, ते उगाच नाही. आणि लोक मात्र चुलीवर तंबाखू उकळून तसलाच अर्क घरी काढतात!

ओल्या पानांचा त्रास

निपाणी भागात आणि कोल्हापूर, सांगलीच्या काही गावांत तंबाखूचं पीक आहे. तिथल्या मजुरांना हे वेगळं सांगायला नको. सकाळच्या दवात पानं तोडायची, शेंडे खुडायचे, कपडे भिजतात, हात चिकट होतात. दवात विरघळलेलं निकोटिन कातडीतून आत जातं आणि काही तासांनी डोकं गरगरतं, मळमळतं, उलट्या होतात, अंगातलं त्राण जातं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा त्याच ओल्या पानांत. दव सुकल्यावर कामाला लागणं, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि भिजलेले कपडे लगेच बदलणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

चुना कशाला?

तंबाखू चुन्याशिवाय 'लागत' नाही, हे खाणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून भरभर रक्तात जातं. दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, मग पुन्हा पुडी काढावीशी वाटते. मशेरी लावणाऱ्या बायकांचंही तेच. दात घासायचं निमित्त, पण हिरडीतून निकोटिन जातंच. गरोदरपणी तर मशेरी नकोच, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. तोंडाचा कॅन्सर मुख्यतः तंबाखूतल्या दुसऱ्या रसायनांमुळे होतो, पण ती रसायनं रोज तोंडात ठेवायला लावतं ते निकोटिनच. सोडल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात: चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं. त्या वेळी १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

विषबाधा झाली तर

मरण किती मात्रेने येतं? पुस्तकांत वर्षानुवर्षं ६० मिलिग्रॅम लिहिलं जात होतं. अलीकडे फेरतपासणी झाली तेव्हा मोठ्या माणसासाठी हा आकडा अर्ध्या ग्रॅमच्या वर असावा असं दिसलं. पण लहान पोराला हा हिशोब लावू नका. रांगतं मूल चटईवर पडलेली पुडी किंवा विडीचं थोटूक तोंडात घालतं आणि थोडक्यातही ते गंभीर होऊ शकतं.

लाळ गळणं, घाम, उलट्या, चेहरा पांढरा पडणं, थरथर ही सुरुवात. पुढे नाडी मंद होते, हातपाय लुळे पडतात, श्वास अडकतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. झटका आला किंवा शुद्ध हरपली तर ती उलटी श्वासनळीत जाते. अर्क अंगावर सांडला असेल तर कपडे काढा आणि साबणाने भरपूर पाण्यात अंग धुवा. तोंडात उरलेली तंबाखू बोटाने काढून टाका आणि १०८ ला फोन करा.

दवाखान्यात 'तंबाखू होती' किंवा 'तंबाखूचा अर्क होता' हे आधी सांगा, लाज धरू नका. ही लक्षणं क्लोरपायरीफॉससारख्या औषधाच्या विषबाधेसारखीच दिसतात, त्यामुळे डॉक्टरांचा गोंधळ होऊ शकतो. निकोटिनवर नेमका उतारा नाही. डॉक्टर श्वास चालू ठेवतात, झटके थांबवतात, नाडी फार मंद झाली तर ॲट्रोपिन देतात. पुडी किंवा अर्काची बाटली सोबत न्या आणि किती वाजता पोटात गेलं तेही सांगा.