विमानतळाचे हवामान यंत्राच्या भरवशावर?

विमान उतरवण्याच्या तयारीत असलेल्या वैमानिकाला खाली काय वाढून ठेवले आहे, हे हवामानाच्या एका छोट्या अहवालातून कळते. वाऱ्याची दिशा आणि वेग, दृश्यमानता, पाऊस वा धुके, ढगांची उंची, तापमान आणि हवेचा दाब ही सारी माहिती ‘मेटार’ या सांकेतिक अहवालात ठरावीक क्रमाने दिलेली असते. अमेरिकेतील अनेक लहान विमानतळांच्या अहवालात वेळेच्या पुढे ‘ऑटो’ असा एक शब्द आढळतो. हा अहवाल केवळ यंत्रांनी तयार केला असून कोणाही माणसाने तो पडताळून पाहिलेला नाही, असा त्याचा अर्थ. अनुभवी वैमानिक हा शब्द पाहिला की थोडा अधिक सावध होतो. त्यामागे सुमारे तीन दशकांचा अनुभव आहे.

निरीक्षकाची जागा यंत्राने घेतली

पूर्वी हे काम प्रशिक्षित निरीक्षक करीत असे. दर तासाला तो उघड्यावर जाऊन सभोवार नजर टाकी. अमुक टेकडी दोन मैलांवर, तमुक मनोरा पाच मैलांवर, अशा ओळखीच्या खुणांवरून तो दृश्यमानता ठरवी. रात्री दिव्यांचा आधार घेई. क्षितिजाच्या किमान अर्ध्या भागात जितके लांबचे दिसेल, ती प्रचलित दृश्यमानता. आकाशाचे मनोमन आठ भाग कल्पून त्यांपैकी किती ढगांनी व्यापले आहेत, याचीही तो नोंद करी.

१९९१ पासून अमेरिकेत ‘एसॉस’ या नावाने ओळखली जाणारी स्वयंचलित भूपृष्ठ निरीक्षण यंत्रणा बसवण्यास सुरुवात झाली. राष्ट्रीय हवामान सेवा, संघीय विमान वाहतूक प्रशासन आणि संरक्षण खाते यांचा हा संयुक्त प्रकल्प. आज अशी नऊशेहून अधिक केंद्रे आहेत. प्रारंभापासूनच वैमानिक, हवाई नियंत्रक आणि हवामानशास्त्रज्ञ यांनी तिच्याविषयी शंका उपस्थित केल्या. सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या अमेरिकी लेखा संस्थेनेही १९९५ च्या अहवालात यंत्रणेतील काही संवेदक करारातील निकषांना उतरत नसल्याचे नोंदवले. त्यानंतर अनेक संवेदक बदलले गेले आणि यंत्रणा बरीच सुधारली. तथापि काही मर्यादा तिच्या रचनेतच आहेत.

पाऊण घनफूट हवा

दृश्यमानता मोजणारा संवेदक प्रकाशाचा झोत सोडतो आणि हवेतील कणांवरून तो किती विखुरला जातो, हे मोजतो. ही मोजणी होते ती जेमतेम पाऊण घनफूट हवेची. तेवढ्यावरून कित्येक मैलांच्या दृश्यमानतेचा निष्कर्ष काढला जातो. सर्वत्र एकसारखे धुके असेल तर निष्कर्ष चुकत नाही. पण नदीकाठाने वा खाडीकडून धुक्याचा पट्टा सरकत येत असेल आणि धावपट्टीचे एक टोक त्यात बुडाले असेल, तर दुसऱ्या टोकाला उभा असलेला संवेदक हवा स्वच्छ असल्याचेच सांगत राहतो. याउलट संवेदकापाशी धुक्याचा एखादा पुंजका रेंगाळला, तर उरलेला विमानतळ लख्ख असूनही तो बंद असल्यासारखा अहवाल जातो.

ढगांचेही तसेच. लेसर किरण सरळ वर सोडून ढगाच्या तळाची उंची मोजली जाते. किरणाच्या वाटेत येईल तोच ढग यंत्राला ठाऊक. आकाशाचा किती भाग झाकला आहे, हे गेल्या तीस मिनिटांच्या नोंदींवरून ठरते. त्यात शेवटच्या दहा मिनिटांना दुप्पट वजन असते. ढग सतत डोक्यावरून सरकत असतील तर हे गणित जमते. परंतु पश्चिमेकडून काळेकुट्ट ढग चालून येत असतील, तर माणसाला ते दिसतात. यंत्राला ते डोक्यावर येईपर्यंत दिसत नाहीत. शिवाय बारा हजार फुटांच्या वर काय आहे, याची ही यंत्रणा नोंदच करीत नाही.

पाऊस आणि हिम यांतला फरक यंत्राला कळतो. गोठणारा पाऊस ओळखण्यासाठी कंप पावणारी एक दांडी असते. तिच्यावर बर्फ साचला की तिची कंपनसंख्या घटते. भुरभुर पावसाच्या वेळी मात्र यंत्र अनेकदा ‘अज्ञात वृष्टी’ एवढेच सांगून मोकळे होते. गारा, बर्फाचे खडे, ज्वालामुखीची राख, ढगातून लोंबणारी चक्रीवादळाची सोंड या गोष्टी माणसानेच नोंदवाव्या लागतात. गडगडाटी वादळाची माहिती विजा टिपणाऱ्या स्वतंत्र जाळ्यावरून घेतली जाते.

याखेरीज किरकोळ वाटणाऱ्या अडचणी आहेतच. दृश्यमानतेच्या संवेदकात कोळ्याने जाळे विणले तर भर उन्हात धुके असल्याची नोंद होऊ शकते. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या वायुवेगमापकावर पक्षी बसल्याने सोसाट्याच्या वाऱ्याच्या खोट्या नोंदी झाल्या आहेत. त्यासाठी यंत्रांवर पक्षीरोधक काटे बसवावे लागले. निरीक्षकालाही असे भ्रम होतात, पण खिडकीबाहेरचे झाड हलत नाही, हे पाहून तो आकड्यावर शंका घेतो.

माणूसही चुकतो

म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. माणूस थकतो, रात्री त्याचा अंदाज चुकतो, दोन निरीक्षकांचे मत जुळत नाही. यंत्र सर्वत्र एकाच पद्धतीने, दर मिनिटाला मोजते. ज्या खेडेवजा विमानतळांवर निरीक्षक कधीच नव्हता, तेथे रात्री-अपरात्री निदान काही माहिती मिळते, ती या यंत्रांमुळेच.

त्यामुळे अमेरिकेत मध्यम मार्ग निघाला. विमानतळांचे चार स्तर करण्यात आले. वरच्या स्तरांवर निरीक्षक यंत्राच्या अहवालात भर घालतो, चूक दिसल्यास दुरुस्त करतो. शेवटच्या स्तरावर यंत्र एकटे असते. पुढे खर्च वाचवण्यासाठी काही विमानतळांवरील कंत्राटी निरीक्षकांचे काम मनोऱ्यातील हवाई नियंत्रकांकडे सोपवण्यात आले. नियंत्रकाचे पहिले लक्ष विमानांकडे असते, आणि हवामान बिघडते तेव्हाच त्याच्यावर कामाचा ताण सर्वाधिक असतो, हा त्यावरील मुख्य आक्षेप.

अलास्कात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. तेथील असंख्य वस्त्यांना रस्ता नाही, औषधे आणि रुग्ण विमानानेच जातात. यंत्र किंवा त्याची संपर्कवाहिनी बंद पडली की अहवाल थांबतो आणि नियमानुसार अनेक व्यावसायिक उड्डाणेही अडतात. तेथे विमान वाहतूक प्रशासनाने दोनशेहून अधिक ठिकाणी हवामान कॅमेरे बसवले आहेत. वैमानिक खिंडीचे ताजे छायाचित्र पाहून निर्णय घेतो. यंत्रामुळे गेलेली नजर दुसऱ्या यंत्राच्या मदतीने परत आणण्याचाच हा प्रयत्न.

नागपूरचे ५६ अंश

स्वयंचलित नोंदी किती फसवू शकतात, याचा अनुभव भारतालाही आला आहे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. पाठोपाठ नागपुरातील एका केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला. त्याच सुमारास परिसरातील इतर केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. मुंगेशपूरचा संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आणि नागपूरच्या केंद्रातही बिघाड असल्याचे भारतीय हवामान विभागाला स्पष्ट करावे लागले.

ही केंद्रे विमान वाहतुकीसाठी नव्हती. चुकीचा आकडा शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहण्यास तेथे सवड होती. ढगांतून खाली येणाऱ्या वैमानिकाला ती नसते. पाचशे फुटांवर ढग संपतील असे अहवाल सांगतो आणि ते तीनशे फुटांवरही संपत नाहीत, तेव्हा विमान पुन्हा वर घ्यायचे की नाही, हे काही सेकंदांत ठरवावे लागते. भारतातील मोठ्या विमानतळांवर संवेदकांच्या जोडीला हवामान विभागाचे कर्मचारी असतात. विमानतळांची संख्या वाढत असताना ही जोडी मोडून खर्च वाचवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तसा निर्णय घेण्यापूर्वी अमेरिकेतील ‘ऑटो’ या शब्दामागचा अनुभव विचारात घ्यायला हवा.