सूर्य : उगम की अवशेष?

जे. आर. आर. टोल्किन (१८९२-१९७३) यांच्या मिथकसृष्टीत सूर्य हा प्रकाशाचा उगम नसून त्याचा अवशेष आहे. 'द सिल्मॅरिलियन' (१९७७) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची मूल्यव्यवस्था या व्युत्क्रमावर उभी आहे.

या सृष्टीत प्रारंभी उत्तरेस व दक्षिणेस दोन महादीप असतात. विद्रोही देवता मेल्कोर ते उलथून पाडतो. नंतर पश्चिमेकडील देवभूमीत टेल्पेरिऑन हा रुपेरी आणि लॉरेलिन हा सोनेरी प्रकाशवृक्ष उगवतो. मेल्कोर त्यांचाही घात करवतो. मृतप्राय वृक्षांच्या अखेरच्या फुलापासून चंद्र व अखेरच्या फळापासून सूर्य घडविला जातो. वृक्षांचा निर्मळ प्रकाश केवळ फेआनोरने घडविलेल्या तीन रत्नांत उरतो. वृक्षांच्या पुनरुज्जीवनासाठी ती देण्यास फेआनोर नकार देतो आणि पुढील साऱ्या शोकात्म इतिहासाला तोंड फुटते. अखेरीस त्यांतील एक रत्न एआरेंडिलबरोबर आकाशात जाऊन शुक्रतारा होते. प्रकाश टप्प्याटप्प्याने विभागत, क्षीण होत जातो, हे व्हर्लिन फ्लीगर यांनी 'स्प्लिंटर्ड लाइट' (१९८३) या ग्रंथात विवेचिले आहे.

तथापि ही रचना खुद्द टोल्किन यांना अखेरपर्यंत मान्य राहिली नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सूर्याआधीची सपाट पृथ्वी त्यांना खगोलविज्ञानाच्या दृष्टीने असमर्थनीय वाटू लागली. सूर्य आरंभापासूनच होता, असे मानून पुनर्लेखन करण्याचा त्यांचा विचार होता. 'मॉर्गॉथ्स रिंग' (१९९३) या खंडात ही टिपणे प्रसिद्ध झाली. त्यांत एक तडजोड लक्षणीय आहे: मेल्कोरने सूर्य भ्रष्ट करण्यापूर्वीचा त्याचा शुद्ध प्रकाश वृक्षांनी जपला होता, असे टोल्किन सुचवितात. म्हणजे विज्ञानापुढे माघार घेतल्यावरही आद्य प्रकाश आणि दृश्य सूर्य यांतील अंतर त्यांना सोडवले नाही. आज दिसणारा सूर्यच जर मूळचा, अविकृत प्रकाश असेल, तर वृक्षांचा नाश ही अपरिमेय हानी राहत नाही आणि फेआनोरचा नकार केवळ हट्ट ठरतो. प्रकाशाचा ऱ्हास हा या मिथकाचा अलंकार नव्हे, त्याचे व्याकरण आहे.

हे पुनर्लेखन पूर्ण झाले नाही. १९७७च्या ग्रंथाचे संपादन करताना ख्रिस्टोफर टोल्किन यांनी जुनीच विश्वरचना स्वीकारली. लेखकाच्या अंतिम हेतूला प्रमाण मानणाऱ्या समीक्षेला हा निर्णय वादग्रस्त वाटू शकेल. परंतु तो अंतिम हेतूही ज्या विभेदाला धरून राहिला, तो जुन्या रचनेतच पूर्णपणे साकारला आहे. मिथकाचे सत्य निरीक्षणाशी ताडून पाहता येत नाही; कृतीच्या अंतर्गत तर्काने त्याला किती अपरिहार्य केले आहे, यावरच ते ठरते.