बोगनवेल: मेहनत कुणाची, नाव कुणाचं?

सोलापूरला आमच्या गच्चीवर मे महिन्यात बाकीची झाडं करपतात, बोगनवेल मात्र बहरते. पाणी जास्त झालं की नुसती पानंच. थोडा ताण दिला की रंगच रंग.

मला वाटायचं, वेल आहे म्हणून बोगनवेल. पण हे नाव फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिलचं! त्याच्या मोहिमेतल्या कॉमर्सन या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७६७ मध्ये ही वेल ब्राझीलमध्ये टिपली. बायकांना जहाजावर बंदी, म्हणून त्याची मदतनीस झान बारे पुरुषवेशात होती. नमुने गोळा करत तिनं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तशी पहिली ज्ञात स्त्री तीच. वेलीला नाव मात्र कप्तानाचं. कोड एकाचा, क्रेडिट दुसऱ्याला, हे आम्हा आयटीवाल्यांना ओळखीचंच! तिच्या नावाची वनस्पती आली थेट २०१२ मध्ये.

हायवेवर बोगनवेल दिसली तर जरा थांबून बघा. रंगीत दिसतात ती पानं. खरं फूल आत असतं, इवलंसं, पांढरं.