फिरती ब्रेन आणि उष्णतेचा न्याय: एका प्रश्नाची चाळीस वर्षे

१/ कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते, आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, असे १९७२ मध्ये प्रिन्स्टनचे संशोधक विद्यार्थी याकोब बेकेनस्टाईन यांनी मांडले. स्टीफन हॉकिंग यांना ते मान्य नव्हते. १९७४ मध्ये मात्र हॉकिंग यांच्याच गणिताने दाखवले की कृष्णविवर प्रारण सोडते, म्हणजे त्याला तापमान असते.

२/ येथेच मेख होती. साधे कृष्णविवर ऊर्जा गमावताना निवत नाही, अधिकच तापते. चुलीवरून उतरवलेले भांडे आणखी तापत जावे, तसे! अशा वस्तूची उष्माधारकता ऋण असते. भोवतालाशी तिचा समतोल टिकत नाही.

३/ १९७७ मध्ये पॉल डेव्हिस यांनी दाखवले की पुरेसे वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराची उष्माधारकता धन होते. १९८३ मध्ये हॉकिंग आणि डॉन पेज यांनी ऋण वक्रतेच्या विश्वाचा विचार केला. ते बंद पेटीसारखे वागते. तेथे मोठे कृष्णविवर स्थिर असते. ठरावीक तापमानाखाली मात्र प्रारणाचा वायूच वरचढ ठरतो. हे पाण्याच्या वाफेसारखे अवस्थांतरच.

४/ १९९७ मध्ये हुआन माल्दासेना यांनी ब्रेनजवळचे गुरुत्व आणि ब्रेनवरील कणांचा सिद्धांत एकच असल्याचे सुचवले. आता कृष्णविवराची उष्णता ही कणांच्या द्रव्याची उष्णता ठरली.

५/ १९९८ मध्ये स्टीव्हन गब्सर यांनी डी-३ ब्रेनला फिरवून पाहिले. दहा मितींपैकी तीन अवकाशमितींत ती पसरते, तर उरलेल्या सहांत तिची तीन स्वतंत्र परिवलने संभवतात. निष्कर्ष उलटा निघाला: स्थिर उभी ब्रेन समतोलात, अतिवेगाने फिरणारी अस्थिर!

६/ १९९९ मध्ये मिरियम स्वेटिच आणि गब्सर यांनी एम-२ (चार परिवलने) आणि एम-५ (दोन) यांच्याही सीमा काढल्या. एन्ट्रॉपीच्या मानाने कोनीय संवेग सीमेपलीकडे गेला, की एकसारखे पसरून राहण्यापेक्षा विषम वाटणीत एन्ट्रॉपी अधिक होते.

७/ पण हे केवळ हिशेब, की ब्रेन खरोखर विस्कटते? २००० मध्ये गब्सर आणि इंद्रजित मित्रा यांनी दोन्ही अस्थैर्ये निगडित असल्याचे अनुमान मांडले. २०१२ मध्ये स्टेफान हॉलंड्स आणि रॉबर्ट वॉल्ड यांनी दाखवले की कृष्णविवर उष्मागतिकदृष्ट्या अस्थिर असेल, तर त्यापासून बनलेली ब्रेन खरोखरच अस्थिर असते.

८/ ब्रेन आजवर कोणी पाहिलेली नाही. या साऱ्या वाटचालीत प्रयोगशाळेचा कौल कुठेच नव्हता. निवाडा केला तो वाफेच्या इंजिनांच्या काळात घडलेल्या नियमांनी.