सुरतेचा हरताळ

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. शिवाजीमहाराजांच्या त्या दोन स्वाऱ्यांच्या मध्ये, १६६९ साली, याच नगरीत शस्त्रावाचून एक लढा झाला; त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

तापीकाठचे हे बंदर मोगलांचे. परंतु दक्षिणेस दमणचा फिरंगी मुलूख होता, आणि १६६८ पासून मुंबई इंग्रज कंपनीच्या हाती आली होती. हाजच्या यात्रेकरूंची जहाजे येथूनच निघत. जैन व वैष्णव वाणी, बोहरी, पारशी, आर्मेनी, वलंदेज, इंग्रज यांची देणीघेणी एकमेकांत गुंतलेली होती.

अशा गावात काझीने काही वाण्यांचे बळाने धर्मांतर केले. तेव्हा भीमजी पारख व इतर चार पुढारी इंग्रज प्रेसिडेंट जेराल्ड ऑन्जियर याजकडे मुंबईत आश्रय मागावयास गेले. मुंबई वसावी ही ऑन्जियरचीच इच्छा. परंतु बादशहाच्या रोषाच्या धास्तीने त्याने, तूर्त अहमदाबादेस जाऊन दाद मागा, असा सल्ला दिला. २४ सप्टेंबर रोजी सुमारे ८,००० वाणी बायकामुलांस मागे ठेवून भडोचेस निघून गेले. त्यांना अडवा, असे काझी म्हणू लागला. त्यावर सुरतेच्या सुभेदाराने उत्तर दिले, की हे बादशहाचे प्रजाजन आहेत. त्याच्या राज्यात ते हवे तेथे जाऊ शकतात!

मागे राहिलेल्यांनी महाजनाच्या आज्ञेवाचून दुकान उघडले नाही. टांकसाळ व जकातघर ओस पडले. व्यापार दूरच, घरखर्चालाही पैसा मिळेना. अखेर औरंगजेबाचे अभयपत्र आले, आणि २० डिसेंबरला मंडळी परतली.

ही हकीकत आपणांस मुख्यतः इंग्रज वखारीच्या पत्रांतून कळते, आणि साक्षीदार हितसंबंधी आहे, हे वकिलाने विसरू नये. तरीही तिचा गाभा पटतो. काझी आणि सुभेदार एकाच धन्याचे चाकर. पण एकाने अधिकाराचा अर्थ सक्ती असा केला, तर दुसऱ्याने प्रजेचा हक्क ओळखला. वाण्यांनी कोणाचे प्रार्थनास्थळ जाळले नाही, कोणा शेजाऱ्यावर सूड उगविला नाही. त्यांनी फक्त आपले कुलूप लावले. मिश्र वस्तीचे नगर परस्परांच्या गरजेवर उभे असते, हे त्या तीन महिन्यांत बंद दारांनीच राज्यकर्त्यांस शिकविले.